तीन वर्षं अभ्यासिकेत गेली, आता पत्रकारितेला जाऊ का?

(पत्र बरंच मोठं होतं. नाव-गाव काढून, थोडं आवरून देतेय.)

"ताई, माझं वय 25. गाव लातूर जिल्ह्यात, वडिलांची चार एकर कोरडवाहू. बीए करून 2022 ला पुण्यात आलो, एमपीएससीसाठी. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. पूर्व दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. आता पेपर वर्णनात्मक झालाय, परत पहिल्यापासून सुरुवात करायची हिंमत नाही. ऑगस्ट 2024 ला शास्त्री रोडवर आंदोलन झालं तेव्हा मी रात्री मोबाइलवर बोलत बोलत एक व्हिडिओ केला होता, तो चार लाख लोकांनी बघितला. तेव्हापासून पोरं म्हणतात तू पत्रकार हो. आवाज चांगला आहे, बोलताना घाबरत नाही. पत्रकाराला मान असतो, कलेक्टर पण उठून बोलतो. रानडे इन्स्टिट्यूटला (पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) एमए करू, की एका खासगी संस्थेत एक वर्षाचा कोर्स करू (फी दीड लाख, प्लेसमेंटची हमी देतात), की सगळं सोडून सरळ यूट्यूब चॅनल काढू? इंग्रजी कच्चं आहे. वडिलांना अजून बोललो नाही, ते गावात सांगतात पोरगं साहेब होणार. तीन वर्षं वाया गेली असं वाटतं. रात्री झोप लागत नाही म्हणून अभ्यासिकेतच जाऊन बसतो, चोवीस तास उघडी असते, तिसऱ्या मजल्यावर, साठ-सत्तर पोरं आणि उतरायला एकच जिना, त्यात पण गाड्या लावलेल्या, पण निदान एसी आहे. काय करू?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी आपली नेहमीची उत्तरं मनात जुळवत होते, कोर्स कुठला, फी किती, इंग्रजीचं काय. दुसऱ्यांदा शेवटाशी आले आणि अडकले. तिसरा मजला, साठ-सत्तर पोरं, एकच जिना, जिन्यात गाड्या. अरे, झोप लागत नाही हे सांगता सांगता तू हे मध्येच लिहून गेलास आणि "निदान एसी आहे" म्हणून मोकळा झालास. एवढ्या मोठ्या पत्रात बातमी म्हणावी अशी ती एकच गोष्ट आहे आणि तीच तुला दिसली नाही.

रागावून नाही सांगत. मलाही तुझ्या वयात दिसली नसती. पण बाकीचं पत्र परत वाच, त्यात आवाज आहे, व्ह्यूज आहेत, मान आहे, कलेक्टर आहे. अमुक गोष्टीचा मला छडा लावायचाय, तमुक का होतं ते मला कळत नाही आणि ते डोक्यातून जात नाही, असं एकही वाक्य नाहीये. मला काय वाटलं सांगू का, तुला साहेब व्हायचं होतं, ते जमेनासं झालं म्हणून आता हातात बूम (चॅनलचा माइक) असलेला साहेब व्हायचंय. लाल दिव्याची गाडी तर 2017 लाच गेली म्हणा, पण डोक्यातला दिवा काही विझत नाही आपल्याकडे.

मानाचं म्हणशील तर कलेक्टर उठून बोलतो ते खरंय, जिल्ह्याच्या ठिकाणी बोलतातही. पण पुण्यात तुझी पहिली दोन वर्षं कशी जातील ते ऐक. सकाळी पोलीस चौक्यांना फोन, कोणीतरी "काही नाही विशेष" म्हणून फोन ठेवणार, दुपारी पत्रकार परिषद, तिथे चहा-पोहे आणि प्रेस नोट, संध्याकाळी ऑफिसात येऊन तीच प्रेस नोट दीडशे शब्दांत बसवायची, ती पण रात्री जाहिरात आली की उडणार, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या पेपरात असलेली आणि तुझ्याकडून सुटलेली बातमी सगळ्यांसमोर टेबलावर टाकून विचारणार, हे काय? यात मान शोधत बसलास तर सहा महिन्यांत कंटाळशील. गाडीवर प्रेसचं स्टिकर लावून फिरणारे बघितले असशील गावाकडे, त्यांना बातमी नको असते, त्यांना फक्त तो मानच हवा असतो.

आता "तीन वर्षं वाया गेली" हे वाक्य. हे मला अजिबात पटलेलं नाही. तू राज्यघटना वाचलीयस, पंचायत राज वाचलंय, 74 वी घटनादुरुस्ती (शहरांच्या कारभाराची) तुला झोपेत विचारली तरी सांगशील. महापालिकेचं बीट, म्हणजे तिथल्या बातम्या, करणाऱ्या नव्या मुलांना मी बघितलंय, स्थायी समिती आणि मुख्य सभा यात काय फरक हे त्यांना पहिले चार महिने कळत नाही. 2022 च्या मार्चनंतर पुण्याला कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक एकटाच सगळं मंजूर करत होता, याचा अर्थ काय होतो ते तुला समजावून सांगायची गरज पडणार नाही. अर्थसंकल्पात महसुली खर्च आणि भांडवली खर्च वेगळा काढता येणारा बातमीदार अजूनही मिळत नाही रे सहज.

आणि दुसरी गोष्ट, सोयाबीन. तुझ्या पत्रात वडिलांचे चार एकर येतात आणि लगेच जातात. लातूर म्हणजे सोयाबीनची केवढी मोठी बाजारपेठ. 2024-25 ला हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजार समितीत शेतकरी त्याच्या बराच खाली विकत होते, हे पुण्यातल्या डेस्कवरच्या पोराला एक आकडा म्हणून माहितीये. तुला मात्र वडिलांनी कितीला घातलं, ओलाव्याचं कारण सांगून किती कापलं, बारदानासाठी किती दिवस थांबवलं हे माहीत असणार. असं माहीत असलेला माणूस पुण्यात शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि तू आवाज चांगला आहे म्हणून सांगतोयस.

कोर्सचं बोलू आता. माझं मत उघड आहे, दीड लाख देऊ नकोस. प्लेसमेंटची हमी म्हणजे काय ते त्यांना लेखी विचार, गेल्या वर्षीची मुलं आज नक्की कुठे कामाला आहेत, त्यातल्या तिघांचे नंबर द्या म्हणावं. त्या तिघांना फोन करून पगार, काम आणि वेळेवर मिळतं का हे विचार. नंबर देत नसतील तर तिथेच कळलं. (आणि बघ, हे विचारणं म्हणजे सुद्धा बातमीदारीच झाली.) स्टुडिओ चकाचक असतो, टेलिप्रॉम्प्टर असतो, फोटो चांगले येतात. बातमी मात्र त्या स्टुडिओत नसते.

रानडेचा एमए दोन वर्षांचा, फर्ग्युसन रोडवर, विद्यापीठाचाच विभाग. प्रवेश परीक्षा असते, तारखा आणि फी विद्यापीठाच्या साइटवर बघ, मित्राच्या स्टेटसवर विसंबू नकोस. सरकारी फी असल्यामुळे वडिलांच्या डोक्यावर बोजा येणार नाही हा मोठा फायदा. तिथे काय मिळतं म्हणशील तर तुझ्यासारखीच वीस-पंचवीस मुलं मिळतात, पुढे वीस वर्षं तीच मंडळी वेगवेगळ्या ऑफिसांत बसलेली असतात, शिकवायला कामावरचे लोक येतात, इंटर्नशिपचं पत्र मिळतं, आणि विद्यापीठाच्या विद्यावाणी रेडिओवर माइकसमोर बसता येतं. कायदा नीट शिकवला तर तो आयुष्यभर पुरतो. जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं 302 जाऊन 103 झालं, हे तर पाठ होईलच, पण अत्याचार झालेल्या मुलीची ओळख कळेल असं काहीही छापायचं नाही, गावाचं नाव आणि काकांचं आडनाव एकत्र दिलं तरी ओळख फुटते, हे कोणीतरी समोर बसवून शिकवावं लागतं. यूट्यूबवर ते शिकवायला कोणी येत नाही, डायरेक्ट गुन्हाच दाखल होतो.

पण पदवीने नोकरी मिळते असं समजून जाऊ नकोस. मराठी दैनिकात गेलास तर बहुतेक ठिकाणी चाचणी घेतात, पीटीआय या वृत्तसंस्थेची एक इंग्रजी बातमी देतात आणि म्हणतात मराठीत कर, हेडिंग दे. सर्टिफिकेट नंतर बघतात. तुझं इंग्रजी कच्चं आहे त्याची भीती मला बोलण्याबद्दल नाही, फाडफाड इंग्रजी कोणी मागत नाही, पण टेंडर इंग्रजीत असतं, हायकोर्टाचा निकाल इंग्रजीत असतो, कंपनीचा ताळेबंद इंग्रजीत असतो. तो वाचता आला नाही तर समोरचा जे सांगेल ते लिहावं लागतं. म्हणून रोज एक इंग्रजी बातमी घे, मराठी कर, आणि दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात तीच कशी आलीये ते शेजारी ठेवून बघ. तीन महिने. आणि टायपिंग शीक, फोनवर बोलून लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं बरं का, तुझ्या पत्रात "पूर्व परीक्षा" तीन वेळा "पूर्ण परीक्षा" झालीये, मी वर दुरुस्त केलं.

बरं, जिन्याकडे परत येते, कारण मला ते सोडवत नाही.

27 जुलै 2024 ला दिल्लीत राजेंद्रनगरमध्ये कोचिंग क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी गेले, ते तू वाचलं असशील, तुमच्या अभ्यासिकेत चार दिवस त्याच गप्पा असतील. कागदावर ते तळघर स्टोअर रूमसाठी मंजूर होतं. आणि एका विद्यार्थ्यानेच महिनाभर आधी त्याबद्दल लेखी तक्रार केली होती. त्याला जे दिसलं ते तिथे रोज जाणाऱ्या शेकडो मुलांनाही दिसत असणारच ना, फक्त सवयीचं झालं होतं. तुलाही सवय झालीये, तू रोज त्या गाड्यांमधून अंग चोरून वर जातोस.

तर माझं म्हणणं असं की कुठलाही फॉर्म भरण्याआधी ही एक बातमी करून बघ. व्हिडिओ नको, लिहून. आधी नुसतं मोज. तुमच्या गल्लीत अभ्यासिका किती, कोणती कितव्या मजल्यावर, खुर्च्या किती, दरवाजे किती, जिना किती फूट रुंद, रात्री दोन वाजता आत किती पोरं असतात, आग विझवायचं सिलेंडर आहे का आणि त्यावरची तारीख कोणती. वहीत लिही, तारीख-वेळ घालून. दहा अभ्यासिका झाल्या की तुला आपोआप कळेल की तुमच्याच इमारतीचा प्रश्न आहे की सगळ्या पेठेचा, आणि तिथे बातमी बदलते. मग कागद. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, तो ज्या इमारतींना लागू होतो त्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, फॉर्म बी म्हणतात त्याला. तुमच्या इमारतीला तो लागू होतो का, इमारत राहायला म्हणून मंजूर आहे की व्यवसायाला, ना हरकत दाखला आहे का, हे महापालिकेच्या अग्निशमन विभागाला आणि बांधकाम विभागाला विचारायचं. तोंडी सांगणार नाहीत, मग माहिती अधिकार, दहा रुपयांचा अर्ज, आपल्या राज्यात दीडशे शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित. "सर्व अभ्यासिकांची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंस तर "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" म्हणून परत येईल, म्हणून इमारतीचा नंबर घालून नेमका कागद माग. सोमवारी दुपारी 3 ते 5 लोकांना फायली बघू द्याव्यात असं परिपत्रकही सरकारने 2018 साली काढलं होतं, त्याची प्रत खिशात ठेवून जा, खिडकीवरच्या माणसाला ती दाखवावी लागते.

मग माणसं. मालकाला भेट. तो ओरडेल असं तुला वाटतंय, कदाचित ओरडेलही, पण कदाचित तो सांगेल की दुसरा जिना काढायला सोसायटीच परवानगी देत नाही, किंवा फी वाढवली तर पोरं शेजारच्या अभ्यासिकेत जातात. ते पण लिहायचं. आणि तू तिथे पैसे भरून बसतोस हे संपादकाला आधीच सांगायचं, लपवायचं नाही, कारण उद्या मालक म्हणेल हा पोरगा फी थकवतो म्हणून उलटलाय.

ह्यावरून तुझ्या त्या चार लाखांच्या व्हिडिओवर येते. मी तो बघितला नाहीये, पण ते आंदोलन मला चांगलं आठवतं, राज्यसेवा पूर्व आणि आयबीपीएस (बँकांची परीक्षा) दोन्ही 25 ऑगस्टला आल्या होत्या आणि पोरांचं म्हणणं रास्त होतं, परीक्षा पुढे गेलीही. पण त्या रात्री तू आंदोलक होतास. आवाज तुझ्या पोटातून आला म्हणून लोकांनी बघितला. त्यात काही वाईट नाही, फक्त ती बातमीदारी नव्हती. तुझ्याच खोलीत एखादा असेल ज्याला परीक्षा पुढे जायला नको होती, ज्याचा अभ्यास झाला होता, ज्याला आणखी महिनाभराचं भाडं परवडत नव्हतं. त्याच्याशी तू त्या रात्री बोलला होतास का?

म्हणून यूट्यूब चॅनल लगेच नको म्हणते. चॅनलला संपादक नसतो. मला होता, तरी माझ्याकडून जे झालं ते अजून विसरले नाही. नोकरीचं पहिलंच वर्ष, एका दैनिकात होते, रात्री साडेअकराला अपघाताची बातमी फोनवर घेतली, पान सोडायची घाई, दोन भाऊ गाडीवर होते, एक गेला. मी नाव उलटं लिहिलं. जिवंत भावाला मारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस हाताला प्लास्टर घालून ऑफिसात आला, भांडायला नाही, नुसता खुर्चीवर बसून राहिला, आणि थोड्या वेळाने म्हणाला की सकाळपासून गावाकडून माझ्या बायकोला फोन येतायत. शुद्धिपत्र छापलं आम्ही, आतल्या पानात, दोन ओळींचं. दुसरा एक फोन केला असता तर झालं नसतं, दोन मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून नाव मी अक्षर अक्षर करून विचारते, समोरचा वैतागला तरी.

आणि ह्यात माझ्यासारख्या शिकाऊच चुकतात असंही नाही. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय म्हणून टिळक-आगरकरांनी दिवाण बर्व्यांविरुद्ध जी पत्रं छापली ती बनावट निघाली, आणि 1882 साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. हेतूबद्दल कोणाला शंका नव्हती, कागद खोटे होते. आज तुझ्या व्हॉट्सअॅपवर दिवसाला असे दहा स्क्रीनशॉट येत असतील. शेजारी कोणीतरी खडूस उपसंपादक बसलेला असावा जो विचारेल, हे तुला कोणी सांगितलं, आणि त्याला कोणी सांगितलं. दोन-तीन वर्षं असा माणूस मिळव, मग चॅनल काढ, मी स्वतः सबस्क्राइब करेन.

वडील आणि पैसे, हे मात्र गोड बोलून टाळता येणार नाही. सुरुवातीचा पगार असा असतो की कॉट आणि मेस भागते, घरी पाठवायला उरत नाही. वर चढायला वेळ लागतो, आणि डेस्कवरची जी साधी कामं करत नवी मुलं शिकायची, प्रेस नोट छोटी करणं, भाषांतर करणं, ती आता बऱ्यापैकी मशीनवर व्हायला लागलीत, त्यामुळे आत शिरायची दारंही अरुंद झालीत. जिना मोजायला मशीन येत नाही हे खरं, पण जिना मोजणाऱ्याला पगार किती द्यायचा हे मालक ठरवतो. वडिलांना हे सगळं असंच सांग. फोनवर नको, गावी जा, दोन दिवस राहा. "एमपीएससी सोडली" अशी सुरुवात केलीस तर ते पुढचं ऐकणारच नाहीत, तेव्हा आधी हिशोब मांड, दोन वर्षांत किती खर्च, मी किती मिळवणार, तुम्हाला किती मागणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत जमलं नाही तर काय. तीन वर्षं तारीख न घालता गेली म्हणूनच तुला ती वाया गेल्यासारखी वाटतात, असा माझा अंदाज आहे.

त्यांना सांगायला एक गोष्ट देते, वापर किंवा नको वापरू. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क खात्यात जिल्हा माहिती अधिकारी वगैरे पदं एमपीएससीतूनच भरली जातात आणि त्याला पत्रकारितेची पदवी किंवा पदविका आणि अनुभव लागतो. म्हणजे साहेब व्हायचा रस्ता अगदी बंद होत नाही. जागा कमी निघतात, नेहमी निघत नाहीत, आणि ते काम सरकारची बाजू मांडायचं आहे, पत्रकारितेचं नाही, हे डोक्यात ठेवून सांग. नाहीतर परत त्याच एका जागेची वाट बघत अभ्यासिकेत बसशील.

आणि झोप. दोन-चार आठवडे झाले असतील तर ते पत्रकारिता की एमपीएससी ठरवून सुटणार नाही, 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, नंबर आहे, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. करून बघ एकदा, मित्राला शेजारी बसवून केलास तरी चालेल. ठरवायचं ते झोप झाल्यावर ठरव.

प्रवेशाला अजून वेळ आहे. तोपर्यंत सहा-सातशे शब्दांत ती अभ्यासिकेची बातमी लिहून मला पाठव, मी लाल पेनाने बघेन, चांगली झाली असेल तर ती घेऊन कोणत्या ऑफिसात कोणाला भेटायचं तेही सांगेन. लिहिताना मध्येच लक्षात आलं की हे मोजणं-विचारणं आपल्याला नको वाटतंय, नुसतं बोलायलाच आवडतंय, तरी मला तसं कळव, निवेदन आहे, रेडिओ आहे, डबिंग आहे, चांगल्या आवाजाला पुण्यात कामं आहेत, त्यासाठी पत्रकार व्हायला लागत नाही.

मालकाशी बोलल्याशिवाय पाठवू नकोस मात्र. आणि त्या जिन्यातल्या गाड्यांपैकी एक तुझीच नाही ना, तेवढं आधी बघ.